तीन वर्षांचा धर्मराज

झुंबर पगारे बोलायला लागला की रडणारं पोर गप्प बसतं, असं कोंडाजीशेठच्या गाडीचा ड्रायव्हर केरू कुणालाही छातीठोकपणे सांगायचा. त्यात तिखटमीठ फारसं नव्हतं. नाशिकला द्वारकेच्या चौकात सकाळी सात वाजता ट्रक, टांगे, एस.टी.च्या गाड्या आणि भाजीवाले यांचा जो गिल्ला चाललेला असे, त्यात हा माणूस बसच्या पायरीवर उभा राहून एकदाच म्हणे, "मंडळी, चला", आणि तिसऱ्या टपरीवर चहा पिणारा उतारूसुद्धा कप खाली ठेवून निघे.

हे ब्याऐंशी सालातलं. आठवड्याचे सहा दिवस झुंबर शहरातल्या एका वाचनालयात शिपाई होता. पुस्तकं झटकायची, रचायची, फाटलेली बाइंडिंगला पाठवायची. शिपायानं पुस्तकं वाचू नयेत असा नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो वाचायचाही. रविवारी मात्र तो गाईड असे. कोंडाजीशेठची निळी बस, पस्तीस उतारू, सकाळच्या पहिल्या उन्हात पांडवलेणी, मग अंजनेरी, दुपारी त्र्यंबक आणि संध्याकाळी परत द्वारका. तीन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. स्वतःबद्दल त्याला शंका म्हणून नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती असण्याचं काही कारणही नव्हतं. त्याच्या तोडीचा गाईड जिल्ह्यात दुसरा नव्हता.

पांडवलेण्यात तर तो नुसता रंगात येई. दगडात कोरलेल्या लहान लहान खोल्या दाखवून म्हणे, "मोजून घ्या, या पाच भावांच्या, आणि ही कोपऱ्यातली कुंतीमातेची." पाण्याचं टाकं आलं की ते द्रौपदीचं न्हाणीघर. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी बाजूला धिप्पाड माणसं अख्खं लेणं खांद्यावर घेऊन उभी असलेली कोरली आहेत. ते भीमाने धरून आणलेले राक्षस. त्यांच्यातल्या एकाचं तोंड जरा वाकडं दिसतं, तर झुंबर सांगे की याच्या वाट्याला ओझं जास्त आलं म्हणून तो अजून रुसलाय. इथे हमखास हशा पिके. आणि शेवटी विसाव्या लेण्यात, अंधाऱ्या गाभाऱ्यात, पाय खाली सोडून बसलेली ती दहा फुटी मूर्ती. तिथे तो आवाज खाली आणायचा. "हे धर्मराज. हात जोडा." लोक हात जोडत.

आता गंमत अशी, की यातलं अक्षरही खरं नाही हे त्या डोंगरावर सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर ते झुंबरलाच. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांनी धम्म घेतला. तेव्हापासून दर वैशाखी पौर्णिमेला तो आईचं बोट धरून नाशिक रोडच्या कॉलनीतल्या बायामाणसांबरोबर याच पायऱ्या चढत आला होता, याच मूर्तीसमोर मेणबत्ती लावत आला होता. पुढे वाचनालयात एक जुनं जाडजूड सरकारी पुस्तक हाती लागलं, त्यात भिंतींवरच्या लेखांचा अर्थच दिलेला. कुठलं लेणं कुणी दिलं, कुणी त्याला शेत तोडून दिलं, सगळं नावानिशी. झुंबरने ते चार वेळा वाचून काढलं होतं.

पण पहिल्याच दिवशी कोंडाजीशेठ म्हणाले होते, "लोकं पांडव बघायला येत्यात, झुंबर. त्यांना पांडव दाखवायचे. तुझं वाचन घरी." माणूस वाईट नव्हता. द्राक्षाच्या दोन हंगामांत चार पैसे आले तेव्हा त्याने बस घेतली, बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'पांडवलेणी' रंगवून घेतलं आणि धंदा सुरू केला. झुंबरने स्वतःची समजूत घातली की तमाशात राजा होणारा माणूस घरी येऊन भाकरीच खातो, तसंच हे. समजूत घालण्यात तो पटाईत होताच. लोकांची घालता घालता त्याने स्वतःचीही घातली.

त्याच्याजवळ एक आरसा असे, न्हाव्याच्या दुकानातून जुन्यात घेतलेला, वीतभर रुंद. गाभाऱ्यात दिवा नाही, बॅटरीचा उजेड तुटपुंजा. झुंबर बाहेर व्हरांड्यात उन्हाच्या तिरिपेत उभा राही आणि आरशाने ऊन आत फेकी. मूर्तीचा चेहरा अंधारातून असा वर येई की लोकांच्या तोंडून आपोआप "अहाहा" निघे. तो उजेड चेहऱ्यावर ठेवी, मुकुटधारी सेवकांवरून फिरवी आणि हातांवर मात्र टिकू देत नसे. दोन्ही हात छातीपाशी, बोटं जुळवलेली, एखादी अवघड गोष्ट समजावून सांगताना धरावीत तशी. ते हात नीट पाहिले तर एखादा शहाणा विचारायचा, की धर्मराज असे हात धरून काय करतोय. कुणी विचारलं नव्हतं. उजेडच तेवढा मिळत नव्हता.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कोंडाजीशेठ दुसरी बस घ्यायला निघाले. वेरूळ-अजिंठ्याची, तीन दिवसांची फेरी. म्हणाले, "वाचनालय सोड. दोन्ही गाड्यांचा मुख्य गाईड तू. येत्या रविवारी मी स्वतः गाडीत येतो, आमच्या मामींना सटाण्याहून आणलंय, त्यांना पांडव दाखव झोकात. मग सोमवारी बसून पक्कं करू." वेरूळचं नाव काढलं की झुंबरला रात्रीची झोप लागत नसे. आयुष्यात त्याला दुसरं काही नको होतं. शिपायाच्या नोकरीचा राजीनामा त्याने शनिवारीच सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खिशात घातला.

रविवारी तो द्वारकेला पायरीवर उभा राहिला, "मंडळी, चला" म्हणाला, आत वळून डोकी मोजू लागला आणि तिसऱ्या रांगेत थबकला. खिडकीशी त्याची आई बसली होती. पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून मेणबत्त्यांचं पुडकं डोकावत होतं.

"आई, तू?"

"तिकीट काढलंय मी," यशोदाबाई म्हणाल्या. "पुढं बघ, लोकं खोळंबलीत."

तीन वर्षांत त्या कधी या गाडीत बसल्या नव्हत्या. झुंबर गाईड आहे, लोक त्याला हात जोडतात, शेठ मानतात, एवढं त्या कॉलनीत चारचौघींत सांगत. तो काय सांगतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्या शेजारी बसली होती कोंडाजीशेठची सासू, म्हणजे सटाण्याच्या त्या मामी, बायडाबाई, हिरव्या काठाचं लुगडं, मांडीवर नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी. गाडी मुंबईच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघींची गुडघ्यांवरून ओळख झाली, पाथर्डी फाट्यापर्यंत सुनांवरून गट्टी. बायडाबाईंची अहिराणी यशोदाबाईंना अर्धीच कळत होती, पण दुखणी आणि सुना यांना भाषा लागत नाही.

आईसमोर धर्मराज म्हणायची पंचाईत होती, पण ती दिसू देणारा माणूस झुंबर नव्हे. पायऱ्या चढता चढता त्याने बेत ठरवला. कुणाचं नावच घ्यायचं नाही. 'ही भव्य मूर्ती' म्हणायचं, 'हे महान शिल्प' म्हणायचं, शब्दांची कमतरता आपल्याला थोडीच आहे. आईलाही काही खटकणार नाही, शेठलाही नाही. आपल्या जिभेवर त्याचा एवढा भरवसा होता की अर्ध्या डोंगरावर येईपर्यंत तो शीळ घालू लागला.

आणि जमलंही. खोल्यांपाशी तो दगड किती कठीण ते बोलला. टाक्यापाशी पाणी किती गार ते बोलला. ओझं वाहणाऱ्या धिप्पाड माणसांपाशी त्याने रुसव्याचा विनोद केला, पण ओझं कुणी लादलं ते सांगितलं नाही. शेठ जरा कोड्यात पडल्यासारखे दिसले, इतकंच. यशोदाबाई मागून सावकाश, प्रत्येक उंबऱ्यावर हात टेकत येत होत्या.

विसाव्या लेण्यात मंडळी आत गेली. झुंबर व्हरांड्यात थांबला, आरसा धरला, ऊन पकडलं. चेहरा उजळला. आतून तोच तो "अहाहा" आला. बाहेरून त्याला आतली माणसं दिसत नसत, नुसता आवाज ऐकू येई. "ही भव्य मूर्ती," तो म्हणाला, "दहा फूट उंच. एका अखंड खडकातून."

काडी ओढल्याचा आवाज आला. आई मेणबत्ती लावत होती. लगेच पुडी उलगडल्याची कागदी चुरचुर, आणि बायडाबाईंचा खणखणीत सूर.

"झुंबरभो, हाऊ धर्मराज शे ना? पायवर कुकू लावस मी."

झुंबरने उजेड चेहऱ्यावरच धरून ठेवला.

"सांग ना भो. नाव लीसन नमस्कार कराना ऱ्हास."

आत सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. "धर्मराज" हा एक शब्द, तीन वर्षांत शेकडो वेळा उच्चारलेला. म्हटला असता तर बायडाबाईंनी कुंकू लावलं असतं, शेठ खूश झाले असते, सोमवारी वेरूळ पक्कं झालं असतं. आई काही बोलली नसती. ती मेणबत्तीपाशी गप्प उभी राहिली असती आणि संध्याकाळी त्याला वाढताना नेहमीसारखंच "अजून घे" म्हणाली असती. तेच त्याला सोसेना. त्याला लाज वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी लाज, आणि ती कुठल्या शब्दांनी झाकावी ते त्याला पहिल्यांदाच सुचेना.

त्याने आरसा कलता केला. उजेड चेहऱ्यावरून उतरून हातांवर आला आणि तिथे थांबला.

"नाही, आजी," तो म्हणाला. "हे बुद्ध आहेत. ते हात बघा. शिकवताना धरलेत तसे. पांडवांचा या डोंगराशी काही संबंध नाही."

आत कुजबुज झाली. चाळीसगावचे एक गृहस्थ म्हणाले, "मग बोर्डावर पांडवलेणी कशाला लिहिलंय?"

"कुणी केलं ते लोक विसरले की पांडवांवर घालतात," झुंबर म्हणाला. "आपल्याकडे मोठं काही दिसलं की ते भीमाचं."

"मंग हाई कोनी करं?" बायडाबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच ते हवं होतं.

झुंबरने आरसा भिंतीशी टेकवला आणि आत गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो या गाभाऱ्यात बोलताना लोकांच्या मध्ये उभा होता. त्याने सांगितलं, की पलीकडे आठव्या लेण्यावर लेख आहे, ते मुगुदास नावाच्या एका कोळ्याने बायकापोरांसकट दिलेलं आहे. मासे धरणारा माणूस. चैत्याची कमान धंबिक गावच्या लोकांनी मिळून कोरून दिली. विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली, तेही कोरलेलं आहे. गौतमी बलश्री नावाच्या राजमातेने तिसरं लेणं दिलं, आणि लेखात आपल्या मुलाचं एवढं कौतुक करून ठेवलंय की वाचता वाचता दम लागतो. इथे बायका हसल्या. मग तो सगळ्यांना परत फिरवत घेऊन गेला, एकेक लेख बोटाने दाखवत, आणि नावं मोठ्याने घेत. असा तो कधीच बोलला नव्हता. केरू ड्रायव्हर खालून पाणी घेऊन वर आला होता, तो हंडी हातात घेऊनच मागे मागे फिरत राहिला.

"आमना गावले देऊळवर कळस चढावा तवय देणारासना नावनी पाटी लायी," बायडाबाई म्हणाल्या. "तशीच शे ही."

"अगदी तशीच," झुंबर म्हणाला.

"पन मी नारळ लई उनू. आते काय करू?"

आणलेल्या नारळाचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या पुस्तकात नव्हता. त्याने आईकडे पाहिलं. यशोदाबाईंनी पदराने तोंडावरचा घाम टिपला.

"इथं फोडू नका, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना नारळ नाय लागत. खाली झाडाखाली फोडू नि सगळी खाऊ. चढून चढून जीव गेलाय."

खाली झाडाखाली पस्तीस माणसांत एक नारळ वाटला गेला. कोंडाजीशेठनी आपला तुकडा खाल्ला नाही. झुंबरला बसच्या मागे बोलावून ते म्हणाले, "हे काय केलं तू? आमच्या घरच्या माणसांपुढं?"

"विचारलं त्यांनी, शेठ."

"रोज विचारत्यात. रोज सांगतोस ना?" शेठचा आवाज चढला नव्हता. "माझ्या बोर्डावर पांडव लिहिलेत. बोर्डावर एक नि गाईडच्या तोंडात एक, असा धंदा नाय चालत. वेरूळची गाडी मी पुंजाला देतो."

पुंजा हे शेठच्या ओळखीतलं मालेगावचं पोरगं, वेरूळ त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. "आणि ही गाडी?" झुंबरने विचारलं.

"ही चालव. मामी म्हणतात चालवू द्या. पण उतारूंची एक तक्रार आली ना, झुंबर, त्या दिवशी घरी."

"येऊ द्या तक्रार," झुंबर म्हणाला. "मी सांगेन त्यांना काय सांगायचं ते."

अंजनेरीला आणि त्र्यंबकला त्याने नेहमीसारखीच गाडी गाजवली, त्यात कसूर केली नाही. वेरूळ मात्र दिवसभर छातीत ठसठसत राहिलं.

संध्याकाळी द्वारकेला गाडी रिकामी झाली. नाशिक रोडच्या सिटी बसची वाट पाहत मायलेक थांब्यावर उभे राहिले. झुंबरला वाटलं, आई आता पाठीवर हात ठेवील. आज त्याने काय गमावलं ते तिला बायडाबाईंकडून कळलंच असणार. यशोदाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आजच सांगितलंस का रोज सांगतोस?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याची जीभ तयारही झाली होती.

"आजच," तो म्हणाला. "तीन वर्षं धर्मराज सांगत होतो."

"ठावं हाय मला. कॉलनीतल्या भागुबाईची सून दिवाळीत पाहुण्यांसंगं बसली होती तुझ्या गाडीत. मागं, तोंडाला पदर लावून. तिनं सांगितलं."

"चार महिने झाले. बोलली का नाहीस?"

"घरी बोलले असते तर तू मला पटवून दिलं असतं," यशोदाबाई म्हणाल्या. "तुझं तोंड तसंच हाय. मला पटलंही असतं. म्हनून म्हटलं, इथंच जावं, बुद्धाच्या म्होरं उभं राहावं, नि तू काय बोलतोस ते ऐकावं."

लांबून सिटी बसचे दिवे दिसले तशा यशोदाबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"पुढच्या ऐतवारी मी नसनार," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या.

सोमवारी झुंबरने वाचनालयात पुस्तकं झटकली. मंगळवारीही झटकली. शुक्रवारी वेरूळच्या नव्या गाडीचा बोर्ड द्वारकेला लागला, तो त्याने चहा पिता पिता वाचला आणि चहा गोड लागला नाही. आठवडाभर त्याच्या मनात एकच हिशोब चालला होता. तक्रार झाली तर रविवारही जाणार. आई नाही, बायडाबाई नाही, शेठ नाहीत. कोण बघायला येतंय?

रविवारी गाडी भरली. सगळे अनोळखी, अर्धे खानदेशातले, चार-पाच मुंबईचे. धिप्पाड माणसांपाशी त्याने ओझ्याचा विनोद केला, कारण तो चांगला होता आणि भीमाशिवायही चालत होता. विसाव्या लेण्यात मंडळी आत गेली. तो व्हरांड्यात उभा राहिला आणि त्याने ऊन थेट त्या हातांवर टाकलं.

"हे बुद्ध आहेत," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं, आज यासाठी फार जोर लावावा लागेल. लागला नाही. आवाज नेहमीच्या पट्टीतच निघाला.

आतून एक वयस्क गृहस्थ बाहेर आले. हातात टोपी, कपाळाला गंध, चेहऱ्यावर नाराजी स्वच्छ दिसत होती. "अहो गाईड," ते म्हणाले, "माझा भाऊ मागच्या वर्षी याच गाडीने येऊन गेला. त्याला इथे धर्मराज म्हणून सांगितलं होतं. त्याने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. कुणी सांगितलं असं?"

व्हरांड्यात दहाबारा माणसं गोळा झाली. त्यातलं एकही झुंबरच्या ओळखीचं नव्हतं. गृहस्थांनी खिशातून पेन काढून शेठच्या गाडीचं तिकीट उलटं धरलं होतं, तक्रारीसाठी नाव लिहून घ्यायला.

"मी सांगितलं," झुंबर म्हणाला. "झुंबर पगारे. लिहून घ्या. तुमच्या भावाशी मी खोटं बोललो. त्यांना घेऊन या एकदा, त्यांना मी पुन्हा सगळं दाखवीन, तिकीट माझ्याकडून."

गृहस्थांचं पेन तिकिटावर टेकलंच नाही.

"आता आत चला," झुंबर म्हणाला. "अजून मुगुदास राहिलाय."